मानेतली नळी आणि किडनीची सूज

माझ्या डोक्यात नळी आहे ही गोष्ट मी कधी लपवलेली नाही. लग्न ठरताना सासऱ्यांना सांगितली, कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉप टाकताना भागीदाराला सांगितली, आणि डॉक्टरसमोर बसलो की माझं पहिलं वाक्य तेच असतं. आईनं लहानपणापासून तसं पढवून ठेवलंय. त्यामुळं गेल्या वर्षी किडनी बिघडली तेव्हाच्या एकूण एक केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात ‘शंट आहे’ असं लिहिलेलं सापडतं. लिहिलं सगळ्यांनी. त्याच्या पुढं मात्र बरेच महिने कुणी गेलं नाही. नळी मेंदूची, आजार किडनीचा, मग एकाचा दुसऱ्याशी संबंध काय?

संबंध होता. त्या आजाराला शंट नेफ्रायटिस म्हणतात. तो इतका क्वचित दिसतो की कोल्हापुरात काय, मुंबई-पुण्यातल्या कितीतरी डॉक्टरांनी तो फक्त परीक्षेपुरता वाचलेला असतो. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय. कुणाच्या घरी अशी नळीवाली व्यक्ती असेल तर उपयोगी पडेल.

आधी नळीचं सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. सहाव्या वर्षी मला मेंदूचा टीबी झाला. टीबी गेला, पण मेंदूतल्या पाण्याची वाट बंद झाली. प्रत्येकाच्या मेंदूत रोज साधारण ५०० मिली पाणी तयार होतं. एका वेळी डोक्यात आणि मणक्यात मिळून १५० मिलीच्या आसपास असतं, बाकीचं रक्तात शोषलं जातं. वाट अडली की पाणी साठतं आणि मेंदूवर दाब येतो. त्यावर उपाय म्हणजे शंट. मेंदूच्या पोकळीत एक नळी, कानामागं कातडीखाली एक व्हॉल्व्ह आणि तिथून खाली दुसरी लांब नळी. ती बहुतेकांच्या पोटात सोडतात. माझीही पहिली नळी पोटातच होती. दहावीच्या वर्षी अपेंडिक्स फुटलं, पोटात पू झाला, नळी काढावी लागली. पोटात परत नळी ठेवणं धोक्याचं, म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी नव्या नळीचं खालचं टोक मानेतल्या शिरेतून थेट हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सोडलं. पूर्वी बऱ्याच जणांना अशीच बसवायचे. सत्तरच्या दशकापासून पोटात सोडायची पद्धत रुळली, आणि आता हृदयात जाणारी नळी क्वचितच कुणाला असते.

हा फरक फार मोठा आहे. पोटातल्या नळीला जंतू लागले तर पोट दुखतं, ताप भडकतो, डोकं ठणकतं, लगेच कळतं. हृदयातली नळी चोवीस तास रक्तात बुडालेली. तिच्यावर बसलेले जंतू गाजावाजा न करता थोडे थोडे रक्तात सुटत राहतात.

कानामागचा व्हॉल्व्ह काही वर्षांपूर्वी चोंदला म्हणून बदलला होता. तेव्हाच कातडीवरचे जंतू आत गेले असावेत असं नंतर सगळ्याच डॉक्टरांचं मत पडलं. खात्रीनं कोण सांगणार?

दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी कणकण यायला लागली. थर्मामीटर लावला की १००, कधी १००.४. सकाळी साफ. गल्लीतल्या डॉक्टरांनी विडाल केली, ती थोडी पॉझिटिव्ह आली, टायफॉइडच्या गोळ्या चालू झाल्या. चार-पाच दिवसांत एकदम हुशारी. गोळ्या संपल्या की आठवड्या-दोन आठवड्यांत परत तेच. मग लघवीतलं इन्फेक्शन म्हणून दुसऱ्या गोळ्या. परत बरं, परत कणकण. हे चक्र बराच काळ चाललं. अँटिबायोटिकनं दर वेळी बरं वाटायचं आणि थांबवलं की परत यायचं, यातच अर्धं उत्तर होतं, असं पुढं मॅडम म्हणाल्या. (मॅडम म्हणजे कोण ते सांगतो.) तोवर वजन उतरलं, गुडघे आणि घोटे दुखायला लागले. शॉपमधली पोरं म्हणायची, ‘मालक, जिम लावली काय?’

मग पायातले सेफ्टी शूज संध्याकाळी निघेनात. मोजे काढले की घोट्यावर खोल वण उमटलेला असायचा, बोटानं दाबलं की खड्डा तसाच राहायचा. नडगीवर बारीक जांभळट लाल ठिपके आले. चाचपले तर हाताला लागायचे. लघवीला फेस यायचा, आणि एक दिवस तिचा रंग गडद तपकिरी झाला. तेव्हा मात्र बायकोनं शॉपला कुलूप लावायला लावलं आणि मला मोठ्या दवाखान्यात नेलं. त्याचं नाव लिहीत नाही.

तिथं तपासण्या भराभर झाल्या, हे मान्य करायला हवं. क्रिएटिनीन २.३ (किडनी बिघडली की हा आकडा चढतो), हिमोग्लोबिन ८.६, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन २.४, म्हणजे कमीच. सोनोग्राफीत किडन्या ठीक, प्लीहा जरा मोठी. लघवीत प्रोटीन आणि रक्तपेशी. मग चोवीस तासांची लघवी जमवायला पाच लिटरचा कॅन दिला. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि तिथून दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी त्यात जमवायची. रिपोर्ट आला ४.८ ग्रॅम प्रोटीनचा. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसभरात ०.१५ ग्रॅमपेक्षा कमी जातं. म्हणजे माझ्या अंगातलं प्रोटीन गटारात वाहत होतं, आणि पायावर सूज चढत होती ती त्यामुळंच.

आणखी दोन चाचण्यांची नावं तिथं पहिल्यांदा कानावर पडली, सी-३ आणि सी-४. शरीराच्या प्रतिकारशक्तीची ही रसायनं. दोन्ही कमी आली. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह. पीआर-३ अँका नावाची एक चाचणी किंचित पॉझिटिव्ह. यावरून तिथल्या डॉक्टरांनी निदान केलं की प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटलीय. बायोप्सी करू, पण स्टिरॉइड आजच चालू करू.

आई खाटेच्या कडेला बसलेली. तिनं विचारलं, ‘आवं डॉक्टर, त्येच्या नळीचं काय? त्येची नळी पोटात न्हाई, काळजात सोडल्या. मी कवापासनं सांगालोय.’

‘आजी, ते मेंदूचं आहे. डोकं दुखतंय का? उलट्या? नाही ना? मग शंट चालू आहे. आता किडनीकडं लक्ष देऊ या.’

त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. शंट चालूच होता, पाणी व्यवस्थित उतरत होतं. डोकेदुखी नाही, मान आखडलेली नाही, नजर ठीक. डिस्चार्ज पेपरवर मात्र छापून आलं, ‘व्हीपी शंट’. म्हणजे पोटातला. हल्ली जवळजवळ सगळ्यांचा तोच असतो, तेव्हा टाइप करणाऱ्यानं हाताच्या सवयीनं केलं असणार. पण पुढच्या प्रत्येक डॉक्टरनं तो कागद वाचला आणि माझी नळी पोटात गेली.

बायोप्सीची भीती फार घालतात, म्हणून जरा तपशिलात सांगतो. पोटावर पालथं झोपवलं, पोटाखाली चादरीची घट्ट गुंडाळी सरकवली, त्यामुळं पाठ वर उचलली जाते. सोनोग्राफीच्या मशीननं किडनीचं खालचं टोक शोधलं, पेननं फुली मारली. भुलीचं इंजेक्शन झोंबलं तेवढंच. मग डॉक्टर म्हणाले, श्वास घ्या, धरा, हलू नका. कमरेत एक धक्का बसला आणि ‘खटॅक्’ असा आवाज झाला, स्प्रिंगवाल्या पंचचा येतो तसला. दोन तुकडे काढले, काडीपेटीतल्या काडीपेक्षा बारीक. एक फॉर्मॅलिनमध्ये, एक दुसऱ्या कसल्याशा द्रावणात, कारण त्याची वेगळ्या दिव्याखाली तपासणी करायची असते. मग सहा तास उताणं पडून राहायचं, उठायचं नाही, आणि लघवी दर वेळी पारदर्शक बाटलीत धरून रंग बघायचा. दुखलं असं म्हणण्यासारखं काही नाही. पडून राहायचा कंटाळा मात्र जीव खातो.

तुकडे मुंबईच्या लॅबला गेले आणि त्याच आठवड्यात पाऊस कोसळला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, मग ४३ फुटांची धोका पातळीही. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, कुरिअर अडकलं. नमुना वेळेत पोचला होता, रिपोर्ट तेवढा यायचा राहिला. तोवर स्टिरॉइडनं ताप गेला, भूक खवळली, मी खूश. दोन आठवड्यांनी थंडी वाजून जोरात ताप भरला आणि सगळी खुशी उतरली.

मेहुण्यानं ऐकलं नाही. सगळी फाइल काखेला मारून मला राजारामपुरीत दुसऱ्या किडनीतज्ज्ञांकडं घेऊन गेला. याच त्या मॅडम. वयानं माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी डिस्चार्ज पेपर बाजूला ठेवला आणि पहिल्यापासून सांगा म्हणाल्या. मी मेंदूच्या टीबीपासून सुरू केलं. अपेंडिक्सपर्यंत आलो तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवला.

‘म्हणजे आत्ताच्या नळीचं खालचं टोक कुठं आहे?’

मी छातीवर बोट ठेवलं. त्या उठून आल्या, कानामागचा व्हॉल्व्ह चाचपला, तिथून मानेवरून नळीच्या दोरीवर बोट सरकवत गळ्याच्या हाडापर्यंत आल्या. तिथं जुन्या टाक्यांचा आडवा व्रण आहे. मग फाइलमधला छातीचा एक्स-रे काढून खिडकीच्या उजेडात धरला. पांढरी रेघ मानेतून उतरून हृदयाच्या सावलीत जाऊन थांबलेली. खालच्या रिपोर्टवर एका ओळीत ‘शंटची नळी दिसते’ एवढंच लिहिलेलं. हा एक्स-रे चार महिन्यांपूर्वीचा होता.

‘कल्चर केलं होतं का?’

कल्चर म्हणजे रक्त बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतात का ते बघायचं. केलं होतं. एकाच बाटलीत स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस वाढल्याचं आणि तो बहुधा सुई टोचताना त्वचेवरून आला असावा असं त्यावर लिहिलं होतं. हा जंतू तुमच्याआमच्या सगळ्यांच्या कातडीवर असतो, त्यामुळं एका बाटलीत सापडला तर लॅबवाले तसंच धरतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण ज्याच्या रक्तात सिलिकॉनची नळी वर्षानुवर्षं लोंबतेय त्याच्या बाबतीत तसं धरून चालत नाही. शंटला लागणाऱ्या जंतूंत पहिला नंबर याच पठ्ठ्याचा. दुसरा एक असाच कातडीवरचा जंतू आहे, क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस, तो इतका सावकाश वाढतो की लॅबला आधी सांगून बाटल्या चौदा दिवस ठेवायला लावाव्या लागतात. नेहमीच्या पाच दिवसांत रिपोर्ट ‘काही वाढ नाही’ असाच येतो.

मॅडमनी सगळी अँटिबायोटिक्स बंद केली, स्टिरॉइड हळूहळू उतरवायला घेतलं आणि मला दाखल करून घेतलं. वेगवेगळ्या हातांतून, वेगवेगळ्या वेळी रक्त काढून कल्चरला पाठवलं. मेंदूच्या सर्जननी कानामागच्या व्हॉल्व्हजवळच्या फुगीर भागात बारीक सुई घालून आतलं पाणी घेतलं. ते दिसायला स्वच्छ, पेशीही जेमतेम. हृदयाची सोनोग्राफी झाली, आधी छातीवरून, मग घशातून नळी घालून, कारण हृदयाच्या झडपेवर जंतू बसले तरी किडनीत हुबेहूब असाच प्रकार होतो. झडपा स्वच्छ निघाल्या. रक्ताच्या एकूण एक बाटलीत आणि डोक्यातल्या पाण्यात तोच स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, एकाच जातीचा, त्याच औषधांना दाद देणारा. तोवर मुंबईचा बायोप्सीचा रिपोर्टही येऊन पडला होता. मेम्ब्रेनोप्रोलिफरेटिव्ह नावाची सूज, किडनीतल्या गाळणीच्या भिंतींवर आयजीएम नावाची प्रतिपिंडं आणि सी-३ साचलेले. शेवटची ओळ होती: शरीरात कुठं जुना जंतुसंसर्ग आहे का ते पाहावं.

किडनीत होतं काय, हे मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं आणि मी ते माझ्या भाषेत करून घेतलं. जंतू नळीच्या आतल्या अंगाला चिकट थर करून बसतात. त्या थरात औषध नीट शिरत नाही, शरीराच्या पांढऱ्या पेशीही पोचत नाहीत. तिथून थोडे थोडे रक्तात सुटतात. शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, जंतूंचे तुकडे आणि प्रतिपिंडं एकमेकांना चिकटून गोळे तयार होतात. एकदाच झाले तर शरीर ते साफ करतं. महिनोन्‌महिने होत राहिले की हे गोळे रक्ताबरोबर किडनीत येतात. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात. मशीनच्या कुलंटमध्ये बारीक चुरा सतत येत राहिला की पंपाची जाळी चोंदते आणि फाटते, तसं त्या गाळण्यांचं होतं. गोळे जिथं अडकतात तिथं सी-३, सी-४ खर्ची पडतात, म्हणून रक्तात ते कमी दिसतात. सूज येते, गाळणी गळायला लागते, प्रोटीन आणि रक्त लघवीत. अँका, आरए फॅक्टर हे सगळं त्या चिघळलेल्या प्रतिकारशक्तीचं उपउत्पादन. किडनीचा स्वतःचा काही गुन्हाच नव्हता.

हे पहिल्यांदा ओळखलं गेलं १९६५ साली. मेंदूतल्या पाण्यासाठी नळी बसवलेल्या आणि रक्तात जंतू झालेल्या मुलांमध्ये किडनीतून प्रोटीन जात असल्याचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये आला. हृदयातल्या नळ्या तेव्हा जोरात होत्या. त्यांचा चालणारा व्हॉल्व्ह अमेरिकेत जॉन होल्टर नावाच्या माणसानं १९५६ च्या सुमारास बनवला, स्वतःच्या पोराच्या डोक्यात पाणी साठत होतं म्हणून. सर्जन होते युजीन स्पिट्झ. होल्टर डॉक्टर नव्हे, मशीन शॉपमधला कारागीर. सिलिकॉनच्या नळीला चिरा पाडून त्यानं एकाच दिशेनं उघडणारी झडप केली. उद्यमनगरातल्या माणसाला याचं कौतुक वाटणारच. आमच्याकडं दर तिसऱ्या शॉपमध्ये असा एकेक जण बसलेला असतो, ड्रॉइंगशिवाय काम करणारा.

मग उपाय ठरला. औषधं कितीही दिली तरी नळी जागेवर असेपर्यंत जंतू जाणार नाहीत, आणि जंतू जात नाहीत तोवर किडनी सुधारणार नाही. नळी काढायची, वरपासून खालपर्यंत, पूर्ण.

हे ऐकून आईचा चेहरा उतरला. तिच्या हिशेबी त्या नळीवर माझा जीव होता. तिनं सर्जनना विचारलं, ‘नळी काढल्यावर पानी कुटं जायाचं?’ आजवर आम्हाला कुणी विचारलेल्या प्रश्नांत हा सगळ्यांत नेमका होता. सर्जन खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘आजी, काही दिवस बाहेर पिशवीत. जंतू गेल्याची खात्री झाली की नवीन नळी बसवू.’ आई म्हणाली, ‘मग करा. पर लिवून ठेवा, कुटं सोडल्या ती.’ सर्जननी तिच्यासमोर केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि वाचून दाखवलं.

ऑपरेशननंतर सर्जननी मोबाइलवर फोटो दाखवला. मला वाटलं होतं नळी काळीनिळी, पूभरली असेल. ट्रेमध्ये पारदर्शक नळीचा लांब तुकडा, टोकाला थोडं वाळलेलं रक्त, बाकी चकाचक. एवढ्या मोठ्या भानगडीचं मूळ असं नव्यासारखं दिसत होतं याचा मला रागच आला. टोक कल्चरला गेलं, तिथंही तोच जंतू.

नंतरचे आठवडे पिशवीचे. डोक्यातून निघालेली नळी शेजारच्या स्टँडवरच्या एका मोजपात्रात, तिथून पिशवीत. ते पात्र किती उंचीवर टांगायचं हे कानाच्या छिद्राच्या पातळीपासून मोजून ठरवतात. उंची कमी झाली तर पाणी भसाभस निघून जाईल, जास्त झाली तर डोक्यातच साठेल. म्हणून खाटेची कळ दाबायची नाही, उशी बदलायची नाही, उठून बसायचं झालं तरी आधी सिस्टरला हाक मारायची. ती चिमटा लावून नळी बंद करणार, मी बसणार, मग ती परत पातळी लावणार. दर तासाला किती मिली आलं ते लिहिणार. लेव्हल काढण्यात माझं आयुष्य गेलंय, पण माझ्याच कानाला झीरो धरून कुणी लेव्हल लावेल असं वाटलं नव्हतं. बायको रात्री दोन-दोनदा उठून ती रेघ बघायची. तिला मशीनवरच बसवायला पाहिजे.

औषध व्हॅन्कोमायसिन, शिरेतून. ते घाईनं सोडलं तर तोंड-मान लाल होऊन खाज सुटते, म्हणून तासाभराहून जास्त वेळ थेंबथेंब. गंमत अशी की हे औषध स्वतः किडनीला त्रास देऊ शकतं, आणि माझी किडनी आधीच आजारी. त्यामुळं डोस मोजून, रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासून, क्रिएटिनीन बघून परत डोस. मॅडम आणि सर्जन दोघंही रोज यायचे, आणि एकमेकांना फोन करून मगच औषधात बदल करायचे. हे मला सगळ्यांत मोलाचं वाटलं. आधीच्या काही महिन्यांत मेंदूवाले आणि किडनीवाले एकमेकांशी एकदाही बोलले नव्हते.

डोक्यातलं पाणी वरचेवर कल्चरला जायचं. ते लागोपाठ स्वच्छ यायला लागलं तेव्हा नव्या नळीचा विषय निघाला. दुर्बिणीनं मेंदूच्या आत पाण्याला छोटी वाट करून द्यायची, म्हणजे नळीच नको, असंही ऑपरेशन असतं. पण टीबीनं माझ्या मेंदूच्या तळाशी चिकटे झालेत, तिथं ते यशस्वी व्हायची खात्री कमी, असं सर्जन म्हणाले. हृदयात परत नळी नको यावर सगळ्यांचं एकमत. राहिलं पोट. फुटलेल्या अपेंडिक्सला आता बरीच वर्षं झाली होती. पोटाचे सर्जन सोबत आले, दुर्बीण घालून आत चिकटे किती आहेत ते बघितलं, डाव्या बाजूला मोकळी जागा सापडली आणि नळीचं टोक डोळ्यांसमोर तिथं सोडलं. मेंदूतली बाजूही बदलली, उजवीऐवजी डावी. म्हणजे आता माझा खरोखरच व्हीपी शंट आहे, आणि तो पहिला डिस्चार्ज पेपर अखेर बरोबर ठरलाय.

किडनीचं सुधारणं सावकाशीचं. नळी निघाल्यावर ताप लगेच गेला. काही आठवड्यांत सी-३ वर आला, नडगीवरचे ठिपके गेले, लघवीचा रंग स्वच्छ झाला. हिमोग्लोबिन चढायला वेळ लागला. प्रोटीन सगळ्यांत हट्टी. ४.८ वरून दोनवर, मग एकच्या खाली, आणि आता ०.४ ग्रॅमवर येऊन अडलंय. क्रिएटिनीन १.३. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की यातले साधारण निम्मे लोक पूर्ण बरे होतात, काहींच्या लघवीत थोडं प्रोटीन राहून जातं, आणि थोड्यांची किडनी कायमची जाते. उशीर जितका जास्त तितकं तिसऱ्या गटाकडं सरकणं सोपं. मी मधल्या गटात आहे. ब्लडप्रेशरची एक गोळी आयुष्यभरासाठी लागलीय. ती प्रेशरबरोबर प्रोटीनचं गळणंही कमी करते.

मीठ कमी करायचं पथ्य हा कोल्हापूरच्या माणसावरचा अन्याय आहे, एवढंच म्हणतो. तांबडा रस्सा वाटीत घेऊन त्यात मीठ नाही म्हटल्यावर तो पिण्यात काय अर्थ? बायको माझ्यापुरता वेगळा काढते आणि वर लिंबू पिळते. चालवून घेतो.

विम्याचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. कंपनीचं म्हणणं, शंट हा जुना आजार, म्हणून नळीचा खर्च देणार नाही, किडनीचा देऊ. मॅडमनी पत्र लिहून दिलंय की हा एकच आजार आहे, दोन नव्हेत. पत्राला उत्तर आलेलं नाही.

नळी असलेल्यांना एवढंच सांगेन. ती कुठून कुठं जाते, शेवटची कधी बदलली, हे जुन्या ऑपरेशनच्या कागदावरून बघून घ्या आणि त्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. हृदयात जाणारी असेल आणि बारीक ताप परत परत येत असेल, किंवा लघवीला फेस, रंग, पायावर सूज असं काही असेल, तर अँटिबायोटिकची गोळी घ्यायच्या आधी रक्ताचं कल्चर करा म्हणून डॉक्टरांना सांगा, एक बाटली नव्हे, वेगवेगळ्या जागांवरून. लघवीची साधी तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्यावी असं मॅडमचं मत आहे. तिला शंभर-दोनशे रुपयांच्या वर काही पडत नाही.

शॉप परत चालू आहे. जड जॉब उचलायला पोरं देत नाहीत. मॅडमकडची पुढची तारीख दसरा झाल्यावरची आहे, आणि त्याआधी क्रिएटिनीन आणि लघवीतलं प्रोटीन करून न्यायचंय. पाच लिटरचा कॅन या वेळी नको म्हणाल्या, सकाळची एक बाटली पुरेल.